थीम पार्कमधील एका वर्षासाठी मुदत ठेव मोडावी का?

आपण कळवले आहे की आपला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा यंत्रमाग कारखाना आहे. हॉटेल व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आपल्या मुलाची फ्लोरिडातील ओरलँडोजवळच्या एका थीम पार्कच्या हॉटेलात, जे-1 इंटर्न व्हिसावर (काम शिकायला येणाऱ्या परदेशी तरुणांसाठीचा अमेरिकेचा व्हिसा) बारा महिन्यांसाठी निवड झाली आहे. एजंटने सर्व मिळून 5 लाख 20 हजार रुपये खर्च सांगितला असून ताशी 15 डॉलर पगार मिळेल आणि आठवड्याला 200 डॉलर घरभाडे पगारातूनच कापले जाईल. धाकट्या मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी ठेवलेली 6 लाखांची मुदत ठेव मोडून हा खर्च करावा का, पैसे वर्षभरात परत येतील का, असे आपण विचारले आहे.

प्रथम पगाराचा हिशेब करू. ताशी 15 डॉलर हा दर आपल्याकडून पाहता मोठा वाटतो, परंतु फ्लोरिडातील किमान वेतनच 30 सप्टेंबर 2025 पासून 14 डॉलर असून 30 सप्टेंबर 2026 पासून ते 15 डॉलर असे ठरलेले आहे. म्हणजे मुलाला तेथील सर्वांत खालच्या दराच्या आसपासच पगार मिळणार आहे. त्यामुळे सारा हिशेब दरावर नव्हे, तर आठवड्याला किती तास काम मिळते यावर अवलंबून राहतो. या व्हिसाच्या नियमानुसार इंटर्नला आठवड्याला किमान 32 तासांचा कार्यक्रम मिळायला हवा. नेमके तेवढेच तास मिळाले तर 480 डॉलर होतात; त्यातून संघीय, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, प्राप्तिकराचे सुमारे 53, भाड्याचे 200 आणि जेवण, फोन, प्रवास यांचे मी धरलेले 120 डॉलर वजा केल्यास 107 डॉलर उरतात. पन्नास आठवड्यांचे 5,350 डॉलर, आणि डॉलर 85 रुपयांचा धरला तर साधारण 4 लाख 55 हजार रुपये, म्हणजे आपल्या खर्चापेक्षा 65 हजारांनी कमी. तेच काम 40 तासांचे मिळाले तर याच पद्धतीने वर्षाला सुमारे 9 लाख रुपये वाचतात. खर्च भरून निघण्याची रेषा साधारण 34 तासांवर आहे, म्हणून तासांची हमी करारात लेखी असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, हे मी आपल्याला आग्रहाने सांगतो. दुसरीकडे जोडकाम करून तूट भरून काढता येणार नाही, कारण या व्हिसावर ठरलेल्या ठिकाणाखेरीज काम करण्यास परवानगी नाही.

करांबाबत दोन गोष्टी मुलाच्या बाजूच्या आहेत. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि कराच्या दृष्टीने अनिवासी असलेल्या जे-1 धारकाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची, म्हणजे तेथील निवृत्तिवेतन आणि ज्येष्ठांच्या आरोग्य विमा योजनांची, 7.65 टक्के कपात होत नाही. चुकून झाली तर पहिल्याच पगारपत्रकात ती पाहून मालकाकडे दुरुस्ती मागावी. वर्ष संपल्यावर 15 एप्रिलपूर्वी अनिवासींचे विवरणपत्र, 1040-एनआर, भरावे लागेल.

आता एजंटच्या रकमेविषयी. सेव्हिस शुल्क, म्हणजे परदेशी विद्यार्थी व इंटर्न यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीचे शुल्क, 220 डॉलर आणि व्हिसा शुल्क 185 डॉलर, असे सरकारी खर्च 405 डॉलर, म्हणजे साधारण 34 हजार 500 रुपये होतात. उरलेल्या रकमेत विमानाचे तिकीट किती, प्रायोजक संस्थेचे, म्हणजे अमेरिकेत हा इंटर्न कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेचे, शुल्क किती, आजारपण वा अपघातासाठी प्रत्येक प्रसंगी किमान 1 लाख डॉलरचा सक्तीचा आरोग्य विमा त्यात आहे का आणि एजंटची स्वतःची फी किती, याची फोड लेखी मागावी. प्रायोजक संस्था अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्यांपैकी आहे का, हे त्या खात्याच्या यादीत आपण स्वतः पाहावे. एजंटच्या शब्दावर राहू नये. मोठा हप्ता व्हिसा हाती आल्यानंतर देण्याची अट घालावी आणि व्हिसा नाकारला गेल्यास काय परत मिळेल, तेही लिहून घ्यावे.

ठेव मात्र मोडू नये. ती मुलीच्या प्रवेशाची आहे, आणि प्रवेशाची फी पुढच्या वर्षी ठरलेल्या दिवशीच भरावी लागेल. मुलाच्या तासांवर ती थांबणार नाही. यंत्रमागाच्या धंद्यात सुताचे भाव आणि थकलेली बिले यांमुळे महिने कसे ओढाताणीचे जातात, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. त्यामुळे खर्चाचा काही भाग मुलाच्या नावावरील बचतीतून, आणि उरलेला, पण 2 लाखांच्या आत, सोनेतारण कर्जातून उभा करावा. वार्षिक 10 टक्के व्याज धरल्यास त्याचा वर्षाचा भार सुमारे 20 हजार रुपये येतो. एवढ्यात खर्च बसत नसेल, तर या वर्षी थांबून एजंटची फी कमी करवून घेणे मला अधिक योग्य वाटते.

माझ्या मते या वर्षाचे खरे मोल शिल्लक पैशांपेक्षा कामाच्या फेऱ्यांत आहे. हॉटेल क्षेत्रातील सहा महिने वा अधिक मुदतीच्या कार्यक्रमात किमान तीन विभागांत फिरून काम शिकवले जावे, असा नियम आहे आणि या शिकवण्याचा लेखी प्रशिक्षण आराखडा, म्हणजे डीएस-7002 अर्ज, मुलाच्या सहीने बनतो. फ्रंट ऑफिस, बँक्वेट आणि स्वयंपाकघर यांची नावे त्यात महिन्यांसह लिहिलेली असतील, तर परतल्यावर मुलाखतीत सांगण्यासारखे बरेच त्याच्या हाती असेल. वर्षभर केवळ खोल्या आवरण्याचेच काम त्यात दिसले, तर तासांची हमी मिळाली तरीही आपण नकार द्यावा.