ऑटोमन साम्राज्यातील मिल्लत व्यवस्था ही सहिष्णुता होती की दडपशाही?

मिल्लत, म्हणजे धर्मानुसार ओळखला जाणारा समाज, या नात्याने ख्रिस्ती आणि ज्यू प्रजेला मिळालेली धार्मिक स्वायत्तता सहिष्णुता मानावी की दडपशाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती या दोहोंपैकी काहीच नव्हती. कर वेळेवर यावा आणि बंडाळी होऊ नये म्हणून प्रत्येक समाजाच्या धर्मगुरूला जबाबदार धरण्याची ती राज्यकारभाराची रीत होती. आणि सुलतान दुसऱ्या मेहमेदाने १४५४ साली साम्राज्यभर लागू केलेली अशी एकसंध व्यवस्था अस्तित्वातच नव्हती.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण याच मुद्द्यावर एका विद्यार्थिनीवर अन्याय होताना मी पाहिला आहे. पदव्युत्तर परीक्षेच्या मॉडरेशनमध्ये तिची उत्तरपत्रिका माझ्यासमोर आली. तिने लिहिले होते की मेहमेदाने गेनाडियोस यांना ग्रीक चर्चच्या पॅट्रिआर्कपदी, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूच्या पदी, बसवले हे खरे, परंतु त्या नेमणुकीचे मूळ फर्मान आज उपलब्ध नाही. अर्मेनियन पॅट्रिआर्कपदासाठी सांगितले जाणारे १४६१ हे साल नंतरच्या परंपरेतून आलेले आहे. आणि साऱ्या साम्राज्यासाठी एक मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू), हे पद तर १८३५ मध्ये निर्माण झाले. शिवाय काझीच्या न्यायालयांच्या नोंदवह्यांत ख्रिस्ती आणि ज्यू स्त्रिया स्वतःहून दाद मागताना दिसतात, हा मुद्दाही तिने मांडला होता. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा असताना मुलीला वारसा मिळत नाही, शरियतीत मात्र तिला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो. मग धर्मगुरूंनी बहिष्काराची धमकी दिली तरी ती काझीकडे का जाणार नाही? नमुना उत्तरात '१४५४, तीन मिल्लती, पूर्ण स्वायत्तता' एवढेच मुद्दे असल्याने तिला उत्तीर्ण होण्यापुरतेही गुण दिलेले नव्हते. मी आक्षेप घेतला, तेव्हा नमुना उत्तराबाहेरच्या मजकुराला गुण देता येत नाहीत, असे मुख्य परीक्षकांनी सांगितले. मी लेखी असहमती नोंदवली. गुण बदलले नाहीत. ज्या उत्तरात धर्मगुरूपलीकडची माणसे दिसत होती तेच चूक ठरले, याचा राग मला आजही येतो.

धर्मगुरूला जबाबदार धरणे म्हणजे काय, हे १८२१ मध्ये दिसले. ग्रीक बंड उसळल्यावर ग्रीक पॅट्रिआर्क पाचवे ग्रेगरी यांनी बंडखोरांना बहिष्कृत केले होते, तरीही ईस्टरच्या दिवशी त्यांना त्यांच्याच पीठाच्या दरवाजावर फाशी देण्यात आले. आपली पाठ्यपुस्तके जी लिखित, नियमबद्ध मिल्लत व्यवस्था पंधराव्या शतकात नेऊन बसवतात, ती प्रत्यक्षात १८५६ च्या सुधारणा फर्मानानंतर आकाराला आली: ग्रीकांची नियमावली १८६२ ची, अर्मेनियनांची १८६३ ची आणि ज्यूंची १८६५ ची.

आपण परीक्षेसाठी विचारत असाल, तर उत्तर कालखंडानुसार मांडा आणि गुण कापले गेल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत अवश्य मागवा. १४५४ चे फर्मान कोठे पाहावयास मिळते, हे परीक्षकाने दाखवून दिले पाहिजे. पुराव्याचे ओझे विद्यार्थ्यावर टाकणे चूक आहे.

मात्र काझीच्या दारी न्याय मिळे म्हणून समानता होती, असे समजू नये. बिगरमुस्लिम प्रौढ पुरुषांवर जिझिया कर होता, मुस्लिमाविरुद्ध त्यांची साक्ष सामान्यतः ग्राह्य धरली जात नसे, आणि सतराव्या शतकापर्यंत बाल्कनमधील ख्रिस्ती मुलगे सक्तीने उचलून, धर्मांतरित करून सुलतानाच्या चाकरीत घेतले जात. अलेवी या सुन्नी नसलेल्या पंथाच्या लोकांना तर या रचनेत जागाच नव्हती, कारण राज्य त्यांची गणना मुस्लिमांतच करी आणि पाखंडी म्हणून त्यांचा छळही करी. आणि १८६३ ची नियमावली हाती असलेल्या अर्मेनियन समाजाचा त्याच साम्राज्याने १९१५ पासून संहार केला. त्या कागदाने त्यांचे कोणतेही संरक्षण झाले नाही.