घरचा कॉम्प्युटर मध्येच रिस्टार्ट होतो, कधी अडकतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. त्याआधी घरी काय तपासता येईल?

फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, मारू देऊ नका. मशीन कधी कधी बंद पडलं त्याच्या वेळा कागदावर उतरवल्याशिवाय तर नाहीच. तुमच्या दुकानदाराने मशीन उघडून पाहिलं का, लॉग, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या नोंदी, पाहिला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक पाहिला नसणार. आमच्याकडेही कोणी पाहिला नव्हता.

मी धरणगावला घरातच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, हळदी-कुंकवाची निमंत्रणं, पतसंस्थेचे अहवाल, शाळेच्या प्रश्नपत्रिका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लग्नाच्या तिथ्या दाट असतात तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मशीनने त्रास द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी पत्रिकेतली नावं टाकत बसलं की यूपीएसमधून 'टक्' असा आवाज यायचा, पडदा काळा व्हायचा आणि मशीन आपणच परत सुरू व्हायचं. निळा पडदा नाही, काही सूचना नाही. सेव्ह केलेलं राहायचं, बाकीचं गेलं.

माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, आमच्या घरात या विषयातले जाणकार समजले जातात. कॉम्प्युटर त्यांनीच घेऊन दिला, यूपीएसही त्यांनीच आणला. त्यांचं म्हणणं, मी फॉन्ट उतरवते त्यातून व्हायरस आलाय, फॉरमॅट मारायचा. मी म्हटलं, व्हायरस फक्त संध्याकाळीच कसा येतो? त्यावर सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, "तुले काय समजस त्यामा?" दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले असताना त्यांच्या ओळखीचा मुलगा येऊन फॉरमॅट मारून गेला.

त्यात काय काय गेलं ते सांगते, कारण फॉरमॅट म्हणजे तासाभराचं काम असं सगळे म्हणतात. डेस्कटॉपवर प्रूफला गेलेल्या पत्रिका होत्या, त्या गेल्या. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे त्या मुलाने लक्षात घेतलं नाही. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट गेले, तिच्या डाँगलचा (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीचा) ड्रायव्हर गेला, पानं मांडायचं पेजमेकर गेलं, प्रिंटरची मार्जिनं गेली. जुन्या पेजमेकरच्या फायली फॉन्टशिवाय उघडल्या की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आमच्याकडच्या पत्रिकेत आजोबा-पणजोबांपासून मामेकुळापर्यंत नावं असतात, ती सगळी मी प्रूफच्या कागदावरून पुन्हा टाइप केली. विंडोज तासात बसलं, पण माझं मशीन कामाला लागेपर्यंत अर्धी लग्नसराई निघून गेली.

आणि फॉरमॅट मारला त्याच संध्याकाळी ते पुन्हा बंद पडलं.

मग मी स्वतः शोधायला बसले. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. 'कर्नल-पॉवर', क्रमांक ४१ अशी नोंद दिसेल. मशीन रीतसर बंद न होता सुरू झालं एवढाच तिचा अर्थ. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर विंडोज स्वतः कोसळलेलं नाही. एक तर वीज तुटली, नाहीतर मशीन जागच्या जागी गोठलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा कोड, तिथून ड्रायव्हर किंवा रॅमकडे वळायचं. ६००८ क्रमांकाच्या नोंदीत आधीचं बंद पडणं किती वाजता झालं तेही मिळतं. माझ्याकडे सगळे शून्य. मी तारखा-वेळा वहीत एकाखाली एक लिहीत गेले. सगळ्या संध्याकाळी पाच ते आठमधल्या, आणि सोमवारी एकही नाही.

सोमवारी आमच्या शेजारची पिठाची चक्की बंद असते.

चक्कीची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेवढ्या क्षणापुरतं गल्लीतलं व्होल्टेज खाली येतं, बल्ब मिणमिणतो, हे आम्ही रोज पाहतच होतो. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की यूपीएस बॅटरीवर जातो. तो 'टक्' म्हणजे आतल्या रिलेचा, वीज सोडून बॅटरी जोडणाऱ्या स्विचचा, आवाज. पण बॅटरी मेलेली असेल तर तो जाणार कुठे? मग मी कॉम्प्युटरची वायर काढून यूपीएसला साधा ६० वॉटचा बल्ब लावला आणि भिंतीतली पिन उपसली. बल्ब त्याच क्षणी विझला. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी बदलली, आणि मशीन त्यानंतर चक्कीमुळे बंद पडलेलं नाही. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगतात, आणि दर १० अंश वाढीला ते साधारण निम्मं होतं. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. आपल्याकडे यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलायचीच, ती तक्रार करो न करो.

भाऊजी अजूनही सांगतात की फॉरमॅटनेच मशीन सुधारलं, गुण यायला थोडा वेळ लागला एवढंच. मी त्यांना फॉरमॅटनंतरच्या नोंदींचा कागद छापून दाखवला, सोमवारच्या मोकळ्या जागांसकट. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. म्हणून इथे लिहिते: फॉरमॅट हे निदान नव्हे. उलट फॉरमॅट मारला की आधीचा लॉगसुद्धा पुसला जातो, म्हणजे बिघाड शोधायचा पुरावाच जातो. माझ्या मशीनवर तो पुरावा पुन्हा जमेपर्यंत मला सोमवार सोडून रोज संध्याकाळी काम गमवावं लागलं.

तुमच्याकडे चक्की नसेलही, पण क्रम हाच ठेवा. आधी कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग वेळा लिहा. मग वीज बघा: यूपीएस, प्लग, अर्थिंग. मग मशीन उघडा. आमच्या भागात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायचा, हंगाम सुरू झाला की हवेत कापसाचे तंतू असतात, ते प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसतात. माझ्या हीटसिंकवरून मी एकदा पांढरट करड्या रंगाचा अख्खा थर नखाने उचलून काढलाय, कापडाच्या तुकड्यासारखा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका. तुमचं मशीन अडकतंही म्हणता, तर ही सफाई आणि रॅम दोन्ही करा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा, रॅमच्या दोन कांड्या असतील तर एकेक लावून चालवा, आणि रात्री विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावून झोपा.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं साधन पुरतं. त्यात रिअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचे) आकडे वाढताना दिसले तर डिस्क बदला. अशा डिस्कवर विंडोज नव्याने टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. फक्त सीआरसीच्या, म्हणजे डिस्ककडून माहिती येता-जाताना होणाऱ्या, चुका वाढत असतील तर आधी डिस्कची साटा केबल बदलून बघा, ती शंभर-दोनशेत येते.

हे सगळं ठीक निघालं तरच विंडोजकडे वळा. नुकताच टाकलेला ड्रायव्हर काढा, क्लीन बूट करून, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम आपोआप सुरू न होऊ देता मशीन चालवून, बघा, विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणाऱ्या आज्ञा, आधी डिझम आणि मग एसएफसी, चालवा. तरी जमत नसेल तर विंडोजची आयएसओ (पूर्ण सेटअपची) फाइल चालू विंडोजमध्येच उघडून तिचं सेटअप चालवा आणि फायली व प्रोग्रॅम दोन्ही ठेवायचा पर्याय निवडा. विंडोज नव्याने बसतं, तुमचं सामान जागेवर राहतं. सेटिंगमधल्या रिसेटला 'फायली ठेवा' म्हटलं तरी प्रोग्रॅम जातात, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

फॉरमॅट कधीच मारू नये असं मात्र मी म्हणत नाही. फायलींना कुलूप लावणारा व्हायरस घुसला असेल तर सगळं पुसून नव्यानेच टाकायला हवं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तुम्ही त्यावर असाल आणि मशीन ११ ला पात्र असेल तर तसंही वर जाण्याचा विचार करा.

आणि हे सगळं घरी करा, पण एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, डबा उघडू नका. पिन काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. त्याच्यावर शंका असेल तर ओळखीच्या कोणाचा चालू असलेला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा आणि लावून बघा.