चटणीत लवंगेचं तेल घालावं का?

प्रश्न (लालबाग): घरी शेंगदाणा आणि तिळाची सुकी चटणी करून विकते. पावसाळ्यात ती लवकर खवट होते. लवंगेचं तेल अँटिऑक्सिडंट आहे म्हणतात. दोन थेंब घातले तर टिकेल?

रसायनशास्त्र तुमच्या बाजूने आहे, जीभ नाही. दाण्यातल्या-तिळातल्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागला की मुक्त कणांची (फ्री रॅडिकल्सची) साखळी सुरू होते आणि तिच्यातूनच खवट वास येतो. लवंगेच्या तेलात बहुधा ७० टक्क्यांहून जास्त युजेनॉल असतं. ते आपला हायड्रोजन त्या कणांना देऊन टाकतं, साखळी तिथेच तुटते. पण परिणाम दिसेल एवढं घातलंत, तर चटणीला दाताच्या दवाखान्याचा वास येईल. त्यापेक्षा घाणे लहान काढा, दाणे भाजून पूर्ण गार झाल्यावरच कुटा, बरणी गच्च भरून अंधारात ठेवा.

प्रश्न (परळ, बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र): प्रोजेक्टमध्ये ओव्याच्या तेलाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोठं आलं, टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाभोवती लहान. म्हणजे ओवा जास्त ताकदवान, असं लिहू का?

लिहू नका. ओव्यातलं थायमॉल जबरदस्त आहे, यात वाद नाही; ते जंतूच्या पेशीपटलात घुसतं आणि पटल गळू लागतं. पण वर्तुळाचा आकार ताकदीबरोबरच तेल अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, किती पसरलं तेही सांगतो, आणि अगार म्हणजे बहुतांशी पाणी. तेलाला ते मानवत नाही. शिवाय ही तेलं उडून जाणारी. झाकलेल्या प्लेटमध्ये त्यांची वाफही काम करते, त्यामुळे शेजारच्या, दुसऱ्या तेलाच्या चकतीचा निकालही बिघडू शकतो. द्रव माध्यमात तेलाचं प्रमाण निम्म्या-निम्म्याने कमी करत वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण काढा. तेल मिसळायला थोडं ट्वीन ८० घ्याल. मग नुसत्या ट्वीनची एक नळीही ठेवा. जंतू तेलाने थांबले की ट्वीनने, परीक्षक पहिलं तेच विचारतील. स्टॅफिलोकॉकस या जंतूबरोबर स्यूडोमोनास हा जंतूही लावून बघा, त्याच्या बाहेरच्या आवरणापुढे बरीच तेलं हात टेकतात.

आणि अँटिऑक्सिडंट गुण तपासायच्या डीपीपीएच द्रावणाचा जांभळा रंग पिवळा झाला, म्हणून 'शरीरात वार्धक्य रोखते' असं निष्कर्षात घुसडू नका. ती नळी आहे, माणूस नव्हे.

प्रश्न (मुलुंड): कपाटामागच्या भिंतीला दर पावसाळ्यात बुरशी. टी ट्रीचा फवारा चालेल?

चार दिवस चालेल. त्यातलं टर्पिनेन-४-ऑल बुरशीला मारक आहे, पण तेल उडून जातं आणि ओल तिथेच राहते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीच्या सभेत काढा. (दुसरं काम जास्त अवघड, कल्पना आहे.)

प्रश्न (बोरिवली): संत्र्याच्या सालीचं तेल खोबरेल तेलात मिसळून लावते. जुनी बाटली संपवायला घेतली तर खाज सुटली.

बाटली टाकून द्या. त्यातलं लिमोनिन हवा लागून स्वतःच ऑक्सिडाइझ होतं, आणि त्यातून बनणारी हायड्रोपेरॉक्साइडं त्वचेला ॲलर्जी आणतात. टी ट्रीचंही जुनं झालं की असंच होतं. यापुढे छोटी बाटली घ्या, झाकण घट्ट लावा आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवा.

प्रश्न (दादर): दीड वर्षाच्या नातवाला सर्दी झाली की कापराचं तेल छातीला चोळतो. सून नको म्हणते.

सूनबाईंचं ऐका. एवढ्या लहान बाळाला कापूर नको, निलगिरी आणि पुदिन्याचा अर्कही नाकाजवळ नको. कापूर थोडा जरी पोटात गेला तरी झटके येऊ शकतात, तेव्हा देवघरातली डबीही वरच्या फळीवर न्या. कधी गिळलाच, तर उलटी करवत बसू नका. डबी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. नाक चोंदलं असेल, तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात. किती घालायचे ते बालरोगतज्ज्ञांना विचारा.