गमीचं पाकीट सापडलं, आता काय?

यावेळी पत्रं बरीच आलीयत पण मी कॅनडातल्या मिसिसागाच्या एका आईचंच घेणार आहे, आणि त्यातही तिच्या चार प्रश्नांपैकी मुख्य एकच, बाकीचे शेवटी उरकते.

ती लिहिते, "ताई, आमच्या प्लाझात इंडियन ग्रोसरीच्या दोन दुकानं पुढे गांजाचं दुकान उघडलंय, काचा दुधी, आत काय चाललंय काही दिसत नाही. आणि गेल्या आठवड्यात मुलाच्या (वय १७) हुडीच्या खिशात गमीचं (गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्यांचं) पाकीट सापडलं. तो म्हणतो आई चिल, इथे लीगल आहे, दारूपेक्षा बरं. सासरे दादरहून आलेत, ते म्हणतात पोलिसात द्या नाहीतर मुंबईला पाठवा त्याला. मी दोन तास ओरडले, यूट्यूबवर गर्दुल्ल्यांचे व्हिडिओ दाखवले, तर तो हसला."

हसला ना? हसणारच. अगं, त्याच्या वर्गातली मुलं वीकेंडला गमी खाऊन सोमवारी मॅथ्सची टेस्ट देतायत आणि तू त्याला स्टेशनच्या पुलाखाली सुई टोचणारा माणूस दाखवतेयस, त्याला वाटणार आईला काही कळत नाही, विषय संपला. तुझी झोप उडालीय हे मला कळतंय, आम्ही स्कारबरोत असताना लेक पार्टीला गेली की मीही खिडकीत उभी असायचे, पण खोटी भीती घालू नकोस गं. हे मी इथे इतक्यांदा लिहिलंय की माझा नवरा म्हणतो आता हेडिंग तेच ठेव.

खोटी भीती चालत नाही हे माझं एकटीचं मत नाहीये. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन मुलांना ड्रग्जला नाही म्हणायला शिकवायचे. १९८७ मध्ये टीव्हीवर ती जाहिरात आली, तव्यावर अंडं फुटतंय आणि हा तुमचा मेंदू म्हणे. सगळ्यांना पाठ झाली. आणि १९९० च्या दशकात अभ्यास झाले तेव्हा दिसलं की डेअर केलेली आणि न केलेली मुलं, व्यसनाच्या बाबतीत फारसा फरकच नाही, शेवटी त्यांना अभ्यासक्रम बदलावा लागला. तिकडे गॅलपच्या पोलमध्ये गांजा कायदेशीर करा म्हणणारे १९६९ मध्ये १२ टक्के होते ते २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्या अंड्याच्या जाहिराती बघत मोठे झालेलेही त्यातच आहेत बरं का.

आणि आपल्याकडचं सांगू? माझा मावसभाऊ लालबागचा, १९८२ च्या गिरणी संपानंतर घरात पैसा नाही, पोरं दिवसभर नाक्यावर, त्यात तो ब्राऊन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, नादी लागला आणि गेला. त्यानंतर आमच्या अख्ख्या खानदानात मुलांना एकच धडा, सिगरेट ओढलीस तरी असंच होणार, गांजा ओढलास तरी असंच होणार. माझ्या सख्ख्या भावाने कॉलेजात बघितलं की गांजा ओढणारे मित्र फर्स्ट क्लासमध्ये पास होतायत, मग त्याने घरचे जे जे सांगायचे ते सगळंच खोटं ठरवलं, गर्दसकट. तो निभावला, नशीब आमचं.

त्याच काळात अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, त्या मुलांशी बोलून, टर्की म्हणजे काय, नशा मिळाली नाही की अंग कसं मोडून येतं, आई दागिने कुठे लपवते, असं. ते वाचून पुलंनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. आता तुझ्या सासऱ्यांचं चॅनेल बघ. २०२० मध्ये नटनट्यांचे व्हॉट्सॲप चॅट अँकर ओरडून ओरडून वाचत होते. २०२१ च्या क्रूझ केसमध्ये एका नटाच्या मुलाला आत टाकलं, किती आठवडे तेच तेच दाखवलं, आणि मे २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून आरोपपत्रात त्याचं नावच नाही, ती बातमी आजोबांनी बघितली का विचार. सासऱ्यांशी भांडू नकोस, त्यांना काळजी आहे म्हणून बोलतात, फक्त संध्याकाळी त्यांना नातवाबरोबर फिरायला पाठव आणि रिमोट तुझ्याकडे घे.

आता खरं काय सांगायचं ते.

आधी ते पाकीट परत काढ, फेकलं असशील तर त्याला फोटो विचार. कॅनडात कायदेशीर पाकिटावर लाल अष्टकोनी चिन्ह असतं, आत पान आणि टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) ही अक्षरं, शेजारी पिवळ्या चौकटीत इशारा, बाकी पाकीट अगदी साधं, आणि अख्ख्या पाकिटात मिळून टीएचसी १० मिलिग्रॅमच्या वर नाही. तुझ्या मुलाचं पाकीट चकचकीत, कार्टूनवालं, ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर ते त्या दुधी काचांच्या दुकानातलं नाहीच. आणि लीगल म्हणे! २०१८ मध्ये कायदा आला तो मोठ्यांसाठी, ओंटारिओत वय १९, म्हणजे त्याला कुणीतरी चोरून दिलंय. हे त्याला शांतपणे विचार, कुणी दिलं यासाठी नव्हे, आत काय आहे तुला माहितीय का यासाठी. गमी चढायला अर्धा ते दोन तास लागतात, पोरांना वाटतं काहीच होत नाहीये, म्हणून दुसरी खातात, मग रात्रभर छातीत धडधड आणि इमर्जन्सी. १९८० च्या दशकात गांजात टीएचसी साधारण ३ टक्के असायचं, आता १५ च्या आसपास, काही प्रकारांत ३० पर्यंत. आजोबांच्या ओळखीचे कोण साधूबाबा चिलीम ओढून नव्वद वर्षं जगले ते सोड.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. तुमच्या दोन्ही घरांत कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा सायकोसिस (भास-भ्रम होणारा मनोविकार) होता का? घरात असा आजार असेल तर कोवळ्या वयात जोरदार गांजा घेणाऱ्याचा धोका वाढतो. पण आपल्याकडे हे सांगतं कोण, "काकांना जरा त्रास होता" एवढ्यावर भागवतात. माझ्या सासरचे एक काका मी लग्नानंतर आठेक वर्षं फक्त फोटोत बघितले, ठाण्याला मनोरुग्णालयात होते हे कुणी बोललंच नव्हतं. लेक सोळाची झाल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं, सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत, पण लेकीने तेवढंच एक ऐकलं. पोलिसांचं लेक्चर नाही, अंडं नाही, काका. सासऱ्यांना नीट विचार, दार लावून विचार, आणि जे कळेल ते मुलाला सांग.

तिसरं, तुम्ही अजून पीआरवर आहात, म्हणजे कायम राहायची परवानगी आहे पण नागरिकत्व नाही. डिसेंबर २०१८ पासून तिथे नशेत गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यात मोडतं, गांजाची नशासुद्धा, आणि मोठ्या माणसाला त्यात शिक्षा झाली तर पीआर जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पुढच्या वर्षी तो अठराचा होणार. अमेरिकेत एडिसनला मामाकडे जाताना बॉर्डरवर ऑफिसरने गांजा घेतोस का विचारलं आणि हा कौतुकाने हो म्हणाला तर प्रवेश नाकारू शकतात, न्यू जर्सीत दुकानं असली तरी बॉर्डर केंद्र सरकारची.

आणि डिसेंबरमध्ये लग्नाला मुंबईला येताय म्हणतेस, तर त्याची बॅग, हुडीचे खिसे, जुनं पेन्सिल पाऊच, सगळं रिकामं करून परत भरा, त्याच्या समोर. गांजा कॅनडाबाहेर नेणं तिथेच गुन्हा आहे, आणि इथे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, थोड्याशा मालालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबई एअरपोर्टवर बँकॉकहून येणारा हायड्रोपोनिक गांजा सारखा पकडतायत, कस्टमवाले कँडीकडे कँडी म्हणून बघत नाहीत. होळीला भांग चालते मग गमी का नाही असं तो विचारेल, हुशार आहे. भांग पानांची, या कायद्याच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, राज्यांचे नियम वेगळे. सांग त्याला, त्याला असं तपशिलातलं बोललेलं आवडेल.

बाकीचे प्रश्न. शेजारच्या बाल्कनीतून वास येतो, बिल्डिंग मॅनेजरला ईमेल कर. धाकटी मराठी शाळेत जायला रडते, दोन रविवार सुट्टी दे आणि मग परत पाठव. सासरे जूनपर्यंत राहायचं म्हणतायत आणि नवरा काही बोलत नाही, हे पत्र त्याला वाचायला दे.