चीनच्या विरोधात सगळे एक होतात, खरी परीक्षा वेगळीच असते

प्रश्न : अमेरिकेत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट साध्या बजेटवरसुद्धा भांडतात, सरकार बंद पडायची वेळ येते. मग चीनमधल्या उइगुर मुस्लिमांच्या कायद्यावर सगळी मतं एका बाजूला कशी पडली? खरंच कळवळा असतो की नुसता देखावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नमस्कार. देखावा म्हणून सोडून देऊ नका, कारण त्या कायद्यात दम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात त्याचं बिल ४२८ विरुद्ध १ असं पास झालं, मग दोन्ही सभागृहांच्या बिलांचा मेळ घालून २३ डिसेंबरला बायडेननी सही केली. उइगुर राहतात त्या शिनजियांग प्रांतात बनलेला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं आता धरूनच चालतात, तसं नाही हे आयात करणाऱ्या कंपनीनेच सिद्ध करायचं, नाहीतर माल बंदरावरच अडकतो.

हे बिल आणलं डेमोक्रॅट जिम मॅकगव्हर्न आणि रिपब्लिकन ख्रिस स्मिथ यांनी. इतर विषयांवर दोघांचं फारसं पटत नाही, पण मानवाधिकारांवर ते वर्षानुवर्षं एकत्र काम करतायत. याची मुळं १९८३ मध्ये आहेत, तेव्हा होलोकॉस्टमधून (हिटलरच्या ज्यूसंहारातून) वाचलेले डेमोक्रॅट टॉम लँटोस आणि रिपब्लिकन जॉन पोर्टर यांनी मिळून मानवाधिकारांसाठी खासदारांचा गट काढला, आणि लँटोस यांच्या नावाच्या आजच्या कमिशनलाही दोन अध्यक्ष असतात, प्रत्येक पक्षाचा एक. ओळख आधीपासून असते, साक्षीदारांचं म्हणणं दोघांनी सोबत बसून ऐकलेलं असतं, म्हणून संधी आली की बिल लवकर उभं राहतं.

पण मला विचाराल तर चीन हा सोपा पेपर आहे, तिथे एकाला धर्मस्वातंत्र्याची काळजी, दुसऱ्याला कामगारांची, आणि चीनवर राग दोघांनाही. कारणं वेगळी असली तरी मत एकच पडतं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

अवघड पेपर होता १९८६ चा. दक्षिण आफ्रिकेचं वर्णभेदी सरकार शीतयुद्धात अमेरिकेच्या बाजूचं होतं, (भारताने त्यांच्याशी व्यापार १९४६ मध्येच तोडला होता!) आणि त्याच्यावरच्या निर्बंधांच्या बिलावर राष्ट्राध्यक्ष रेगननी व्हेटो (नकाराधिकार) वापरला. सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकनांचं, परराष्ट्र समितीचे अध्यक्ष रिचर्ड लूगर रेगन यांच्याच पक्षाचे, तरी तेच व्हेटो मोडायला पुढे झाले. ७८ विरुद्ध २१! त्या ७८ मध्ये ३१ रिपब्लिकन होते. नवीन गुंतवणूक बंद, तिथला कोळसा, पोलाद, युरेनियम बंद, विमानसेवासुद्धा बंद. आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात हात वर करायचा म्हणजे काय हे आपल्याकडच्या राजकारणात कुणाला सांगायला नको, म्हणून मला त्या ३१ जणांबद्दल मनापासून आदर आहे.

आता सौदीचं बघा. ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार जमाल खशोगी यांचा इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात खून झाला, डिसेंबरमध्ये सिनेटने एकमताने युवराज मोहम्मद बिन सलमानना जबाबदार धरलं. पण तो नुसता ठराव होता, त्याने सौदीचं काही अडलं नाही. येमेनच्या युद्धात सौदीला मिळणारी अमेरिकेची मदत थांबवायचं पुढच्या वर्षी दोन्ही सभागृहांनी पास केलं तेव्हा ट्रम्पनी व्हेटो टाकला, आणि तो मोडायला दोन-तृतीयांश मतं लागत असताना सिनेटमध्ये ५३ च पडली, त्यात रिपब्लिकन फक्त ७.