नुसता फिटनेस मागू नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझ्या पेशंटने फिजिशियनकडून परत आणलेली चिठ्ठी पाहिली. तू लिहिलंस, ‘दात काढायचा आहे, कृपया फिटनेस द्यावा.’ त्यांनी खाली लिहिलं, ‘फिट.’ दोन सह्या झाल्या, कळलं कुणालाच काही नाही.

पेशंट अ‍ॅसिट्रोमवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर आहे. गोळी कशासाठी चालू आहे, हृदयाची झडप बदलली आहे का, ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) किती, हे विचारायला हवं होतं. त्याआधी आपण काय करणार ते मांड: खालची एक दाढ, जागेवरची भूल, जखमेत जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज), वर टाके. एवढं न सांगता नुसतं ‘सर्जरी’ लिहिलंस तर फिजिशियन मोठं ऑपरेशन धरून चालतात आणि गोळी चार-पाच दिवस बंद करायला सांगतात. वास्तविक आयएनआर साडेतीनच्या आत असेल तर एक-दोन दात गोळी न थांबवता काढता येतात. हिरडीतलं रक्त आपण दाबून थांबवू. गोळी बंद असताना झडपेवर गुठळी झाली तर आपल्या हातात काय राहतं? नुकता स्टेंट बसवलेला असेल तर गुठळी होऊ नये म्हणून चालू असलेल्या अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलला परस्पर हात लावायचा नाही, हेही त्यातच आलं.

झडप कृत्रिम निघाली तर अँटिबायोटिक आधी द्यावं लागेल. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, एकदाच. पाच दिवसांचा कोर्स लिहून देऊ नकोस.

सोलापुरात बरीचशी हिस्टरी कॅरीबॅगेत असते. पूर्व भागातली विडी वळणारी बाई ‘बीपीची गोळी’ एवढंच सांगेल, तेही अर्धं तेलुगूत. गोळ्यांची पट्टी मागून घे. अ‍ॅम्लोडिपिन निघालं आणि हिरड्या फुगलेल्या दिसल्या, तर ते त्या गोळीमुळेही असू शकतं; स्वच्छता करच, पण फिजिशियनलाही कळव. गोळी बदलायची की नाही ते ठरवतील. चिठ्ठ्या आपल्याकडूनही जाव्यात की! (मिशरीचा विषय मात्र तुलाच काढावा लागेल.)

अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या माणसाला चिठ्ठी घेऊन फिरवलंस तर त्याचा रोज बुडतो, म्हणून आधी फोन कर. बोलणं झाल्यावर कुणाशी, कधी, काय ठरलं ते केसपेपरवर लिही. सल्ला त्यांचा असला तरी दात काढायचा निर्णय आणि जबाबदारी तुझीच राहते.

या पेशंटचा आयएनआर चोवीस तासांच्या आतला हवा. सकाळची वेळ दे, म्हणजे रक्त आलंच तर दवाखाना उघडा असेल.

तुझा,
सर