हिवाळ्यात उभी असलेली मोटरसायकल आणि क्रोमवरचा गंज

प्रश्न : हिवाळ्याचे तीन-चार महिने माझी मोटरसायकल बंद गॅरेजमध्ये उभी असते. गेल्या खेपेला ती स्वच्छ धुऊन जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती, तरीही थंडी सरल्यावर प्लास्टिक काढले तेव्हा सायलेन्सर, हँडल आणि रिमवर तपकिरी ठिपके दिसले. क्रोम गंजत नाही असे ऐकले होते. मग हे कसे झाले, आणि यंदा काय काळजी घ्यावी?

उत्तर : क्रोम गंजत नाही हे खरेच आहे, आपल्याला दिसलेला गंज क्रोमखालच्या पोलादाचा आहे. वर चमकणारा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याच्याखाली निकेलचा बराच जाड थर असतो आणि पोलादाचे खरे रक्षण तोच करतो. क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक भेगा असतात. पाणी त्यांवर दीर्घकाळ साचून राहिले, की ते त्या भेगांतून निकेलपर्यंत आणि निकेल जिथे विरळ असेल किंवा झिजले असेल तिथे पोलादापर्यंत पोहोचते. एखादा ठिपका भिंगाखाली धरून पाहा : मधोमध सुईच्या टोकाएवढे छिद्र असते आणि त्यातून पाझरलेला गंज भोवतालच्या क्रोमवर पसरलेला असतो.

आता हे पाणी आले कोठून? केवळ कडाक्याच्या थंडीने क्रोमचे फारसे बिघडत नाही. नुकसान होते ते थंडीनंतर हवा उबदार होते तेव्हा. रात्रभर गारठलेले जाड पोलाद सकाळी सावकाश तापते, हवा मात्र लवकर तापते. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसेच दव मग त्या धातूवर धरते. हवेचे तापमान 20 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल, तर सुमारे 12 अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमते. आपण गुंडाळलेल्या प्लास्टिकने हे पाणी अडवले नाही, उलट आत कोंडून ठेवले. काँक्रीटच्या जमिनीतून वर येणारी ओलही त्याच आवरणाखाली अडकून राहिली असणार.

म्हणून यंदा प्लास्टिक वापरू नका. हवा खेळती राहील असे कापडी कव्हर घाला आणि गाडीखाली लाकडी फळी किंवा जाड रबरी चटई अंथरा. गॅरेज बंदिस्त असेल तर आर्द्रता शोषणारे यंत्र लावून सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवणे सर्वांत उत्तम. सिलिका जेलच्या पुड्या मात्र हवाबंद जागेतच उपयोगी पडतात, मोकळ्या खोलीत त्यांचा काही उपयोग होत नाही. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर तर अजिबात लावू नका, कारण त्या ज्वलनातून निघणारी वाफ त्याच खोलीत राहते. बॅटरीचे आम्ल, खते आणि क्लोरीनयुक्त रसायनेही त्या खोलीतून हलवावीत.

धुण्याच्या बाबतीत माझा आग्रह असा, की धुण्यापेक्षा वाळवण्यावर अधिक वेळ खर्च करावा. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात अशा ठिकाणी, किंवा समुद्राजवळ, गाडी फिरली असेल तर मिठाचा कणही मागे राहता कामा नये; मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि दव न पडताही धातू ओला ठेवते. मडगार्डची आतली बाजू, स्पोक जिथे रिममध्ये शिरतात त्या जागा आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पखालची फट येथे पाणी हटकून राहते. तिथे ब्लोअरने हवा मारावी. पूर्ण कोरड्या क्रोमवर चांगल्या मेणाचे दोन पातळ हात द्यावेत किंवा गंजरोधक तेलाचा पातळ थर फडक्याने पुसून लावावा. ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर आणि टायरवर यातले काहीही लागू देऊ नका. सायलेन्सरवरचा थर गाडी सुरू करण्यापूर्वी पुसून काढा, नाहीतर तो जळून क्रोमवर डाग पडतील.

पुढच्या फोर्कच्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्या. त्यांच्यावरचा क्रोम शोभेचा नसतो. तिथे पडलेला एक खड्डासुद्धा ऑइल सील (आतले तेल अडवणारी रबरी कडी) कापतो आणि मग तेल गळू लागते. त्या नळ्यांवर फोर्क ऑइलचा पातळ हात पुरेसा आहे.

प्रश्न : गाडी उभी असताना दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन सुरू करावे का?

उत्तर : करू नये. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. लांब फेरीत ते गरम सायलेन्सरमधून बाहेर निघून जाते; पाच मिनिटांत मात्र सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ते पाणी आतच गोठून किंवा साचून त्याला आतून कुजवते. त्यापेक्षा शेवटची फेरी लांबची करावी आणि सायलेन्सर थंड झाल्यावर त्याच्या तोंडात कोरड्या फडक्याचा बोळा बसवावा. तो ठळक रंगाचा असावा, म्हणजे सुरू करताना काढायचा विसर पडणार नाही.

प्रश्न : आधीच पडलेले ठिपके कसे काढावेत?

उत्तर : साध्या ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला तुकडा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरेच मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि वरवरचा गंज सुटून येतो. पोलादी काथ्या वापरला तर त्याचे कण क्रोमवर अडकून पुन्हा गंजतात. शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव तर क्रोमच विरघळवतात. घासल्यानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून लगेच मेण लावा, कारण ठिपका गेला तरी छिद्र तिथेच असते. क्रोम फुगला असेल किंवा त्याचे पापुद्रे निघत असतील, तर घासण्यात वेळ घालवू नका. तो भाग उतरवून जुना थर काढून नव्याने मुलामा करून घेणे हाच त्यावर उपाय आहे.